राखीव नमुना

सातपूरच्या कंपनीत मी दिवसभर पाणी तपासते.
म्हणजे पाण्यासारखं दिसणारं सगळंच.
रंग नाही, वास नाही, गाळ नाही,
तरी आत काही आहे का, हे सांगायचा पगार मिळतो मला.
झाकण, सील, बॅच नंबर, माझी सही.
आणि प्रत्येक लॉटमधली एक बाटली
कपाटात राखून ठेवायची,
उद्या कुणी विचारलंच तर.

आणि त्या शनिवारी
गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षबागेच्या कडेला,
शलाकाच्या बढतीची पार्टी म्हणून गेलेल्या आम्ही तिघी
टेबलावर ग्लास उघडे टाकून
फोटो काढायला उठलो.
पाच मिनिटं.
पाण्यावर ऊन उतरत होतं, एवढंच कारण.

शेजारच्या टेबलावरचा माणूस सभ्य होता.
नंतर सगळ्यांनी विचारलं, कसा दिसत होता,
म्हणून लिहून ठेवते: सभ्य. इस्त्रीचा शर्ट.
'मी काढून देऊ का फोटो?' म्हणाला.
त्याचा मित्र मागेच बसून राहिला.
फोटोत आम्ही तिघी हसतोय.
टेबल चौकटीबाहेर आहे.

शलाका कळवणची. तिचा र खणखणीत,
फोनवर बोलली तरी अर्ध्या ऑफिसला कळतं.
त्या रात्री आधी तो र गेला.
मग मान.
मग 'मला घरी' एवढं वाक्य
तिनं तीनदा सुरू केलं, तीनदा विसरली.
दारू मी पाहिलीय, घरातच पाहिलीय.
ती पायरी पायरीनं चढते.
हे जिन्यावरून ढकलल्यासारखं होतं.

'जास्त झालीय यांना,' इस्त्रीचा शर्ट म्हणाला,
'माझी गाडी आहे, सोडतो.'

नाही, म्हणाले मी.
म्हणजे आधी नुसता घसा कोरडा पडला, मग म्हणाले,
मग ओरडले.
इतका छोटा शब्द
इतक्या मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता मी.
नेत्रानं शलाकाला घट्ट धरलं,
आणि हिरामण नावाचा वेटर, हरसूलकडचा,
ट्रे छातीशी धरून बरोबर वाटेत उभा राहिला.
माझ्या कानाशी म्हणाला,
'ताई, तो ग्लास मी धुवायला दिला नाही.
वर बशी झाकलीय.'

त्याला कुणी शिकवलं होतं?

सिव्हिलमध्ये पावणेदहाला पहिला प्रश्न:
किती प्यायली होती?
अर्धा ग्लास.
नक्की?
मी म्हटलं, लघवी आत्ताच घ्या, सकाळी नको.
सकाळपर्यंत सगळं गटारात गेलेलं असतं.
बाटलीवर नाव लिहिलं. वेळ लिहिली.
सील बसलंय का, अंगठ्यानं दाबून पाहिलं,
आणि मगच रडले.

रिपोर्ट अजून आलेला नाही.
शलाकाला धरणावरचं ऊनसुद्धा आठवत नाही.
आई म्हणते, दुधानं तोंड पोळलंय ना,
आता ताकही फुंकून प्या.
अगं आई,
ताकात कुणी काही टाकलं असेल
तर ते फुंकरीनं उडत नाही.
आणि दूध कुणी तापवलं होतं,
हे का नाही विचारत कुणी?

आम्ही पुन्हा जातो. मुद्दाम जातो.
बाटली समोर उघडून घेतो.
दोघी उठल्या तर तिसरी बसते,
तिघी उठलो तर ग्लास तसाच सोडून देतो,
पैसे गेले तर गेले.
'उद्या मिसळ खायची का?' असं एकीनं विचारलं
की उरलेल्या दोघींनी पर्स उचलायची,
कारण विचारायचं नाही.
एकदा नेत्रानं खरंच मिसळीसाठी विचारलं होतं.
तरी उठलो.

परवा शलाकानं तळहात ग्लासावर ठेवला,
सहज, भाजीवर झाकण ठेवावं तसा,
आणि हिरामणला हाक मारली,
'जरा बर्फ!'

दोन्ही र जागच्या जागी होते.
मी मोजले.